घराचा रंग – ११ : खालचे तीन फूट

दिवाणखान्याच्या रंगाचं कबूल केलं होतं, पण तो एक आठवडा पुढे ढकलतो. कोल्हापुरातल्या शाहूपुरीतून एका वाचक भगिनींचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेवून पुढे जाणं मला जमत नाही. त्या लिहितात, "२०२१ च्या पुरात घरात कमरेएवढं पाणी होतं. पाणी उतरलं, साफसफाई झाली आणि दिवाळीआधी सगळं घर नव्याने रंगवून घेतलं. पुढच्या पावसाळ्यात खालच्या बाजूचे पोपडे निघाले. मग पेंटरच्या सांगण्यावरून खाली चार फूट ऑईल पेंट मारला. आता त्या ऑईल पेंटच्या वर वीतभर ओल दिसते. टाइल्स लावून टाकाव्यात का?"

नको. टाइल्सचे पैसे वाचवा. ओल जशी ऑईल पेंटच्या वर आली, तशीच ती टाइल्सच्याही वर येईल. का, ते सांगतोच. पण या पत्राने ज्या विषयाला हात घातलाय, तो ही लेखमाला सुरू केली तेव्हापासून माझ्या मनात आहे : भिंतीचा खालचा पट्टा.

आपण शेडकार्ड उघडतो, एक रंग निवडतो आणि तो जमिनीपासून छतापर्यंत फासतो. पण एकाच भिंतीत दोन भिंती असतात. वरच्या भिंतीला उजेडाखेरीज कुणी शिवत नाही. खालच्या भिंतीला फरशी पुसतानाचं पाणी लागतं, पोरांचे हात लागतात, दप्तरं घासतात, बोळातून आत घेतलेल्या गाडीचं हँडल लागतं. जमिनीतली ओल आधी तिच्यात चढते. आणि कोल्हापुरातल्या निम्म्या सखल वस्तीत तिला पंचगंगाही येऊन भेटते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे आकडे इथल्या पोरासोरांना पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. इतका भार सोसणाऱ्या खालच्या भिंतीला वरच्या भिंतीचाच फिकट रंग देणं हा तिच्यावर अन्याय आहे.

जुन्या माणसांनी तो केला नव्हता. वर चुना किंवा पांढरी माती, खाली गेरूचा किंवा कावेचा पट्टा, ही आपल्या खेड्यांतल्या घरांची रीतच होती. जिल्हा परिषदेची शाळा, सरकारी दवाखाना, एसटी स्टँड इथेही खाली गडद आणि वर फिका रंग दिसतो, आणि बहुधा म्हणूनच आपण तो घरातून हद्दपार केला. सरकारी वाटतो ना! पण जरा लांब बघा. पोर्तुगालच्या दक्षिणेकडे, आलेंतेजू प्रांतात, चुन्याच्या पांढऱ्याशुभ्र घरांच्या पायथ्याशी निळा नाहीतर पिवळा पट्टा असतो आणि ती घरं बघायला जगभरातून लोक जातात. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या घरांतही अनेक भिंतींचा खालचा भाग काळा किंवा गडद तांबडा आहे. भिंतीच्या पायथ्याशी वेगळ्या रंगाच्या पट्ट्याची गरज फक्त आपल्यालाच पडली असं नाही.

उंचीच्या बाबतीत मात्र आपलं गणित वेगळं आहे. इंग्रजी घरांत साधारण तीन फुटांवर लाकडी पट्टी असते. खुर्चीची पाठ भिंतीला लागून रंग खरवडू नये, हा तिचा हेतू. आपल्याकडे खुर्च्या उशिरा आल्या. आपण जमिनीवर सतरंजी टाकून, भिंतीला टेकून बसणारी माणसं. मांडी घालून बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून पावणेतीन ते तीन फुटांवर येतं. खाली गादी असेल तर आणखी चार बोटं वर. कुठल्याही जुन्या घरात आजोबांच्या रोजच्या जागेमागे भिंतीवर तेलाचा गोल डाग असतो, तो याच उंचीवर. म्हणून बैठकीच्या खोलीत पट्टा तीन फुटांवर थांबवू नका, सव्वातीन-साडेतीनपर्यंत न्या. डोकं पट्ट्याच्या आत राहिलं पाहिजे.

आता ओल. चांगली भाजलेली वीटही आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत पाणी पिऊ शकते. म्हणजे तीन किलोच्या विटेत अर्ध्या लिटरहून जास्त. पुरात तीन दिवस उभी राहिलेली भिंत किती पाणी प्यायली असेल, याचा हिशेब तुम्हीच करा. हे पाणी बाहेर पडायला जाणकारांचा ढोबळ आडाखा आहे : भिंतीच्या इंचाला महिना. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी चार-पाच महिने हवेत, तेही कोरड्या हवेचे. २०२१ चा पूर जुलैच्या अखेरचा, दिवाळी ४ नोव्हेंबरची. मधले दोन महिने तर पावसाचेच. म्हणजे त्या दिवाळीला शाहूपुरीत आणि दुधाळीत ज्या भिंतींना लांबी, प्रायमर आणि प्लास्टिक पेंट लागला, त्यांतल्या बहुतेक आतून ओल्या होत्या. सणाला घर उजळावं ही भावना मला पूर्ण मान्य आहे. पण पुराच्या वर्षी दिवाळीला फक्त चुना मारावा आणि खरा रंग गुढीपाडव्याला द्यावा. भिंत वाळली की नाही, हे बघायला पेंटरही लागत नाही. हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी काढा. कागदाच्या आत दव धरलं असेल तर थांबा.

ऑईल पेंटने काय होतं, ते बघा. तो भिंतीवर पाणी न सोडणारा पापुद्रा तयार करतो. आतल्या ओलीला समोरून बाहेर पडता येत नाही, म्हणून ती वर सरकते आणि पापुद्रा जिथे संपतो तिथे बाहेर येते. सोबत विटेतले आणि मातीतले क्षार आणते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि प्लास्टर पिठासारखं झडायला लागतं. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. चुन्याचं तसं नाही. चुना सच्छिद्र असतो, ओल त्यातून उडून जाते, लोणा येतो तो चुन्याच्या पातळ थरासकट झडतो, आणि दर दिवाळीला ब्रशने झटकून नवा हात मारला की झालं. दरवर्षी रंगवावं लागणं याला आपण जुन्या पद्धतीचा दोष मानतो. माझ्या लेखी तो तिचा सर्वांत मोठा गुण होता.

तेव्हा शाहूपुरीच्या ताईंना माझं सांगणं असं. पावसाळा संपल्यावर खालचा ऑईल पेंट आणि त्यामागची लांबी खरवडून काढा. भिंतीवर नाण्याने ठोकून बघा. बद्द आवाज येईल तिथलं प्लास्टर सुटलेलं आहे, तेवढं पाडा आणि जमलं तर तिथे चुन्याचंच प्लास्टर करून घ्या. लोणा कोरड्या ब्रशने झटका, पाण्याने धुऊ नका. धुतला की तो विरघळून परत आत शिरतो. मग चार-पाच महिने भिंत उघडी ठेवा आणि पाडव्याच्या सुमाराला कळीच्या चुन्याचे पातळ तीन हात द्या.

खरवडण्याआधी एक इशारा, आणि तो फार महत्त्वाचा आहे. जुन्या घरांतल्या ऑईल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी. घरगुती रंगातलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचे थर असतील तर कोरडा पॉलिशपेपर मारून धूळ उडवू देऊ नका. भिंत ओली करून खरवडा, पोपडे कागदावर गोळा करा, काम चालू असताना लहान मुलांना आणि गरोदर बायकांना त्या खोलीत थांबू देऊ नका. पेंटरलाही तोंडाला मास्क लावायला सांगा.

चुन्यात कुठलाही रंग चालत नाही. चुन्याच्या तिखटपणाने बरेच रंग जळतात. गेरू, पिवडी, हिरमुंजी हे मातीचे रंग आणि आपली कपड्यांची नीळ, असे रंग टिकतात. रंग रात्रभर वेगळा भिजवा, फडक्यातून गाळा, मगच चुन्यात घाला आणि चुन्याच्या दहाव्या हिश्श्यावर जाऊ नका. त्यामुळे चुन्यात गेरूचा गर्द तांबडा येत नाही, फिकट विटकरी येतो. गर्द पाहिजे तर नुसता गेरू सरसात किंवा डिंकाच्या पाण्यात कालवून मारतात. पण तो अंगाला लागतो. टेकून बसलेल्या पाहुण्याचा पांढरा शर्ट पाठीकडून तांबडा होईल, म्हणून बैठकीत तो नको. जिथे ओल नाही, वरचा मजला आहे किंवा फ्लॅट आहे, तिथे चुन्याचा हट्ट कशाला? तिथे खाली धुता येणारा, किंचित तकाकी असलेला इमल्शन आणि वर मॅट. ओल्या भिंतीला चुना, कोरड्या भिंतीला इमल्शन, एवढं पक्कं धरा.

पट्ट्याचा रंग कुठून घ्यायचा? शेडकार्डावरून नको, फरशीवरून घ्या. पट्टा भिंतीवर असला तरी त्याची सोयरीक जमिनीशी असते. शहाबादी फरशी असेल तर नशीबवान आहात. त्या निळसर करड्या दगडाला विटकरी तांबडा जितका शोभतो, तितका दुसरा कुठलाच रंग शोभत नाही. खाली लाल कोबा असेल तर मात्र तांबडा पट्टा टाळा, जमीनच भिंतीवर चढल्यासारखी दिसते. तिथे आपल्या काळ्या दगडाच्या कुळातला करडा घ्या. नवा राजवाडा उन्हात नीट बघून या, त्या दगडात निळ्यापासून तपकिरीपर्यंत किती छटा आहेत ते कळेल. कोट्याच्या हिरवट फरशीला शेवाळी बरा. सगळ्यांत अवघड पांढऱ्या चकचकीत टाइल्स. तिथे गडद पट्टा दोन पांढऱ्यांच्या मधे अडकतो. मध्यम छटा घ्या, पिवडीचा मातकट पिवळा चांगला बसतो.

पेठांतल्या घरांत आधीच अंधार, त्यात गडद पट्टा कसा द्यायचा, असं विचारणारे भेटतात. प्रश्न रास्त आहे. पांढरा रंग पडलेल्या उजेडातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास परत टाकतो, गडद तांबडा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण सगळ्या भिंतींवर उजेड सारखा पडत नाही. ज्या भिंतीत खिडकी आहे, तिच्यावर खिडकीखाली सर्वांत कमी उजेड असतो. तिथे कितीही गडद रंग द्या, खोलीचं काही जात नाही. समोरची भिंत उजेड झेलते आणि खोलीभर पसरवते. तिथे त्याच रंगाची फिकी छटा घ्या. चारही भिंतींना एकच पट्टा असायला हवा असा काही नियम नाही.

शेवटी रेघ. पट्टा शोभतो की घर शाळेसारखं दिसतं, हे वरची रेघ ठरवते. अर्ध्या-पाऊण इंचाची, पट्ट्यापेक्षा एक छटा गडद. मंगळवार पेठेतले एक जुने पेंटर काका ती कशी ओढतात, ते मी तासन्‌तास पाहिलंय. जमिनीवरून टेपने मोजत नाहीत. जुन्या घराची जमीन कधीच सपाट नसते, तिच्यावरून मोजलेली रेघ कललेली दिसते. पारदर्शक नळीत पाणी भरून ते दोन कोपऱ्यांवर पातळी घेतात, गेरूत बुडवलेलं सूत त्या दोन खुणांवर ताणून धरतात आणि मधोमध चिमटीत उचलून सोडतात. भिंतीवर केसाएवढी तांबडी खूण उमटते. मग लांब केसांचा चपटा ब्रश, करंगळी भिंतीला टेकलेली, आणि हात न थांबता खांद्यातून सरकतो. ब्रशमधला रंग संपतो तिथे ते रेघ हलकी उचलून सोडतात आणि पुढची तिच्यावर चार बोटं चढवून सुरू करतात. सांधा शोधून सापडत नाही. मास्किंग टेप लावूनही इतकी स्वच्छ कड येत नाही, कारण आपल्या खडबडीत भिंतीवर टेपखालून रंग पाझरतो.

हा हात या गावाला नवा नाही. इथल्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. पुढे बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्यानंतरच्या पिढ्यांनी सिनेमाची पोस्टरं आणि दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आला आणि पाट्यांचं काम गेलं, पण तो हात असलेली माणसं अजून पेठांमधून आहेत. घराला रंग द्याल तेव्हा भिंती कुणाकडूनही रंगवून घ्या, रेघेसाठी मात्र अशा एखाद्या पेंटरना वेगळे पैसे देऊन बोलवा. एका दिवसाचं काम असतं.

पुढच्या आठवड्यात दिवाणखाना, नक्की. त्याआधी एवढं करून ठेवा : दिवाणखान्यातल्या खिडकीची खालची कड आणि स्विचबोर्डाची खालची कड जमिनीपासून किती इंचांवर आहे, ते मोजून लिहून ठेवा. पट्ट्याची रेघ खिडकीच्या कडेला येऊन मिळाली तर उत्तम, बोर्डाच्या मधोमध आली तर खोली कायमची बिघडते. हे दोन आकडे हाताशी असल्याशिवाय पुढचा लेख उपयोगाचा नाही.