पस्तीस मिलिमीटरचें भिंग : जुनें आणि नवें

मंद दिव्यांच्या उजेडांतहि छायाचित्र टिपतां यावें म्हणून कॅमेऱ्यास मोठ्या तोंडाचें भिंग लावतात. जपानच्या कॅनन कंपनीनें ईएफ जातीचें, ३५ मिलिमीटर केंद्रांतराचें व १.४ छिद्रांकाचें असें एक विशालकोनी भिंग १९९८ सालीं काढलें. त्याची दुसरी आवृत्ति २०१५ सालीं आली. जुनें विकून ही घ्यावी काय, असा प्रश्न बेताच्या मिळकतीच्या छायाचित्रकारास पडतो.

खरा भेद रंगांचा आहे. शाळेंत आम्ही लोलकानें भिंतीवर सप्तरंगी पट्टा पाडून दाखवीत असूं, त्यांतलेंच हें मर्म. कांचेंतून जातांना निळे किरण तांबड्यांहून अधिक वळतात, म्हणून सारे रंग एका बिंदूवर मिळत नाहींत. जुन्या भिंगाचें छिद्र पूर्ण उघडून उजळ आकाशापुढील फांद्या टिपल्या, कीं त्यांच्या कडांस जांभळी झांक येते. दुसऱ्या आवृत्तींत दोन कांचांच्या मध्यें एका सेंद्रिय द्रव्याचा थर बसविला आहे. तो निळ्या किरणांस वळवून इतरांच्या पंक्तीस आणतो, आणि ती झांक बहुतेक मावळते. युक्ति खरोखर नामी आहे!

कांचा ११ च्या १४ झाल्या, वजनहि ५८० ग्रॅमांवरून ७६० वर गेलें. मानेस तें जाणवतें. छिद्र ८ अंकापर्यंत मिटून भर उन्हांत चित्र घेतल्यास दोहोंतला भेद ओळखणें कठीण. रात्रींचे समारंभ वा नाटकें टिपणारानेंच नव्यासाठीं पैसा मोजावा. जुनें वापरलेलें घेतांना मात्र तें उजेडासमोर धरून आंत बुरशीचे धागे नाहींत ना, हें पाहावें.