मिटत्या चाकूचे ढळलेले पाते : दोषाचे मापन आणि दुरुस्ती

खिशात बाळगावयाचा मिटता चाकू हे रचनेच्या दृष्टीने अत्यंत साधे यंत्र आहे. एका आसाभोवती फिरणारे पाते, त्याच्या दोन अंगांस दोन पट्ट्या, आणि पाते उघड्या अथवा मिटलेल्या स्थितीत धरून ठेवणारी स्प्रिंग किंवा कुलूपपट्टी, एवढ्यावर त्याचे काम भागते. चाकू मिटला असता पात्याचे टोक दोन पट्ट्यांमधील खोबणीच्या मध्यावर विसावावे, अशी अपेक्षा असते. पुष्कळदा ते तसे विसावत नाही. ते एका पट्टीकडे झुकते, आणि दोष वाढला तर चाकू मिटताना प्रत्येक वेळी धार त्या पट्टीवर घासून बोथट होते. अशा वेळी आसाचा स्क्रू पिळणे किंवा पाते दुसऱ्या बाजूस दाबून वाकविणे, हे दोन उपाय बहुधा प्रथम योजले जातात. पहिला कधी लागू पडतो, कधी पडत नाही. दुसऱ्याने पाते मोडण्याचा संभव असतो. दोष कोठे आहे याचा निर्णय न करता उपाय योजल्याचा हा परिणाम होय. वास्तविक हा निर्णय अगदी साध्या साधनांनी करता येतो, आणि त्यामागील तत्त्व प्रयोगशाळेत वावरणाऱ्यांस परिचयाचेच आहे.

दोष दिसतो टोकाशी, असतो मुळाशी

पाते हे एका अर्थी लांब दर्शककाटाच आहे. मुळाशी, म्हणजे आसापाशी, झालेला सूक्ष्म कल टोकाशी कित्येक पटींनी मोठा होऊन दिसतो. उदाहरणार्थ, आसापासून टोकापर्यंतचे अंतर ८० मिलीमीटर आणि पाते ज्या चकत्यांवर टेकून फिरते त्यांचा व्यास १० मिलीमीटर आहे असे समजू. चकतीच्या एका कडेखाली ०.०५ मिलीमीटर जाडीचा कण अडकला, तर पाते १० मिलीमीटरांत ०.०५ मिलीमीटर कलते. हेच प्रमाण ८० मिलीमीटरांस लावले असता टोक ०.४ मिलीमीटर ढळते. पाते आणि पट्टी यांमधील फट मुळातच चकतीच्या जाडीएवढी, म्हणजे बहुधा अर्ध्या मिलीमीटरच्या आतबाहेर असते. तात्पर्य, डोळ्यास न दिसणारा मळाचा कण पात्यास पट्टीपर्यंत नेऊन भिडवू शकतो.

दोन्ही पट्ट्या एकमेकींच्या मानाने किंचित मागेपुढे सरकल्या तरी हाच परिणाम घडतो. पट्ट्यांमधील अंतर ४ मिलीमीटर असेल आणि एक पट्टी दुसरीपेक्षा ०.०२ मिलीमीटर पुढे गेली असेल, तर आस तेवढ्या प्रमाणात तिरपा होतो आणि टोक पुन्हा ०.४ मिलीमीटर सरकते. स्क्रूंची छिद्रे स्क्रूंपेक्षा थोडी मोठी ठेवावीच लागतात. त्यामुळे एवढी हालचाल जुळणीच्या वेळी सहज होते.

याउलट, एका बाजूची चकती दुसऱ्या बाजूच्या चकतीपेक्षा सर्वत्र सारखीच जाड असेल, तर पाते कलत नाही. ते समांतर सरकते. दोन चकत्यांत ०.१ मिलीमीटर फरक असल्यास मुळाशी ०.०५ मिलीमीटर आणि टोकाशीही तेवढेच अंतर पडते. म्हणून केवळ जाड चकती घालून कल दुरुस्त होत नाही. सरकणे आणि कलणे या दोन क्रिया भिन्न असून त्यांचे उपायही भिन्न आहेत.

उलटापालटीची कसोटी

सर्वेक्षक थिओडोलाइटची दुर्बीण उलटी फिरवून दुसऱ्यांदा वाचन घेतो. पाणसळ टोकांची अदलाबदल करून पुन्हा ठेवून पाहिली जाते. सूक्ष्म तराजूत वस्तू आणि वजने यांची पारडी बदलून दुसरे वजन केले जाते. या सर्व रीतींचा हेतू एकच: जो दोष उलटविल्यावर चिन्ह बदलतो तो आणि जो बदलत नाही तो, यांची फारकत करणे. मिटत्या चाकूत ही उलटापालट रचनेतच अंतर्भूत आहे, कारण पाते १८० अंशांतून फिरते.

आस पट्ट्यांना लंब नसून मुठीच्या लांबीच्या दिशेने तिरपा असेल, तर पाते एका तिरप्या प्रतलात फिरते. मिटलेल्या स्थितीत टोक उजवीकडे ढळले असेल, तर उघडल्यावर ते तितकेच डावीकडे ढळते, आणि ९० अंशांवर मध्यावर येते. पातेच वाकलेले असेल, तर मात्र ते आसाभोवती कितीही फिरविले तरी त्याचा बाक त्याच बाजूस राहतो. मिटलेले असता उजवीकडे, उघडले असताही उजवीकडे. तिसरी शक्यता मुठीच्या मागील भागाच्या बाकाची. तेथे पाते मिटलेले असतानाच ढळलेले दिसते. उघडल्यावर काही दोष आढळत नाही.

मापनास विशेष उपकरण लागत नाही. मिटलेल्या स्थितीत टोकाजवळ पात्याच्या दोन्ही अंगांस साध्या लेखनकागदाच्या पट्ट्या सरकवून पाहाव्यात. असा एक कागद सुमारे ०.१ मिलीमीटर जाड असतो. एका बाजूस दोन आणि दुसऱ्या बाजूस सहा कागद मावले, तर ढळ चार कागदांच्या निम्मा, म्हणजे ०.२ मिलीमीटर होय. उघड्या स्थितीत खिशाला अडकविण्याची क्लिप काढून मूठ सपाट काचेवर आडवी ठेवावी आणि टोकाची काचेपासूनची उंची मोजावी. नंतर मूठ पालथी करून ती पुन्हा मोजावी. मुठीची दोन्ही अंगे सारख्या जाडीची असल्यास या दोन उंचींतील फरकाचा निम्मा भाग म्हणजे उघड्या स्थितीतील ढळ. मूठ काचेवर डुलू लागली, तर तिच्या बाकाचा पुरावा आपोआपच मिळतो. मापनापूर्वी पाते आसावर बाजूस हलत नाही याची मात्र खात्री करून घ्यावी. सैल पात्याच्या वाचनास काही अर्थ नसतो.

समजा, मिटलेल्या स्थितीत ढळ उजवीकडे ०.४ आणि उघड्या स्थितीत डावीकडे ०.२ मिलीमीटर आला. उजवी दिशा धन मानल्यास दोन वाचनांच्या बेरजेचा निम्मा भाग, म्हणजे ०.१ मिलीमीटर, पात्याच्या बाकाचा. आणि वजाबाकीचा निम्मा भाग, म्हणजे ०.३ मिलीमीटर, आसाच्या कलाचा. येथे पात्यास हात लावण्याचे कारण नाही; दुरुस्ती आसापाशीच करावयाची. उघड्या स्थितीतील वाचन शून्य आले, तर हे गणित दोष दोहोंत समान वाटून देईल. परंतु असा योगायोग विरळा असल्याने त्या वेळी प्रथम मुठीचाच संशय घ्यावा.

दुरुस्तीचा क्रम

कोणत्याही कामापूर्वी धारेवर जाड चिकटपट्टी लावावी. त्यानंतर ज्या उपायाने वस्तूत कमीत कमी फेरफार होतो तो प्रथम, आणि जो परत फिरविता येत नाही तो अखेरीस, असा क्रम ठेवणे इष्ट.

पहिला उपाय स्वच्छतेचा. खिशातील सुताचे तंतू, धूळ आणि वाळलेले तेल आसाभोवती साचते. ते धुऊन, पूर्ण वाळवून, तेलाचा एक थेंब दिल्यावर पुन्हा मापन करावे.

दुसरा उपाय आसाच्या स्क्रूचा. ३ मिलीमीटर व्यासाच्या प्रमाणित मेट्रिक स्क्रूच्या आट्यांतील अंतर ०.५ मिलीमीटर असते. म्हणजे अष्टमांश फेऱ्यात तो सुमारे ०.०६ मिलीमीटर पुढे जातो. वर काढलेला कणाचा आकडा ध्यानी घेतला, तर एवढ्या फिरविण्यानेही पाते का हलते हे उमगते. म्हणून फेरे नव्हे, फेऱ्याचे अंश मोजावेत. स्क्रू हलत नसल्यास जोर करू नये. आटे जखडणारा द्रव त्यात घातलेला असतो आणि तो डाखणीच्या तापलेल्या टोकाने स्क्रूचे डोके थोडा वेळ गरम केल्यावर मऊ पडतो.

तिसरा उपाय पट्ट्यांच्या जुळणीचा. मुठीचे सर्व स्क्रू आणि आसाचा स्क्रू किंचित सैल करावेत, मिटलेल्या पात्याच्या दोन्ही अंगांस सारख्या जाडीचे कागद घालून ते मध्यावर आणावे, आणि मग सर्व स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. एक स्क्रू पूर्ण आवळून दुसऱ्याकडे वळल्यास पट्टी पुन्हा सरकते. पट्ट्यांच्या सापेक्ष सरकण्याने आलेला कल या कृतीने बहुधा नाहीसा होतो.

एवढ्यानेही कल राहिला तर चाकू उकलून चकत्या तपासाव्यात. त्या फॉस्फर ब्राँझच्या, नायलॉनच्या वा टेफ्लॉनच्या असतात. चकती काचेवर ठेवून तिचा बाक आणि कडेचा कंगोरा पाहावा. येथेही उलटापालटीचे तत्त्व उपयोगी पडते. डावी चकती उजवीकडे घालून मापन केल्यावर ढळ बदलला तर दोष चकतीचा. जसाच्या तसा राहिला तर चकती निर्दोष. ब्राँझच्या चकतीवरील कंगोरा काचेवर पसरलेल्या बारीक घासकागदावर घासून काढता येतो.

जेथे हात आवरावयाचा

अमेरिकन कारागीर मायकेल वॉकर याने १९८० च्या दशकाच्या आरंभी ज्या कुलूपपट्टीला आजचे रूप दिले, तिच्या चाकूंत एक वेगळे कारण संभवते. तेथे पट्टीवर बसविलेली बारीक पोलादी गोळी मिटलेल्या पात्यातील खळग्यात दाबून बसते. हा दाब एकाच अंगाने असल्यामुळे पाते दुसरीकडे ढकलले जाते. कुलूपपट्टी नखाने अल्पशी दूर धरताच पाते मध्यावर आले, तर कारण निश्चित झाले. तथापि पट्टी वाकवून हा दाब कमी करणे धोक्याचे आहे. त्याच दाबाने चाकू खिशात मिटलेला राहतो, आणि त्याच पट्टीच्या ताणावर उघडे पाते बोटांवर मिटत नाही.

वाकलेल्या पात्याची गोष्ट याहून कठीण. पाणी दिलेल्या पात्याचे काठिण्य रॉकवेल ‘सी’ मापावर सामान्यतः ५५ ते ६० च्या आसपास असते. असे पोलाद दाबले असता लवते, सोडले असता परत येते, आणि मर्यादा ओलांडली की मोडते. कायमचा बाक ते सहसा घेत नाही. तापवून सरळ करावे तर धारेचे पाणी उतरते. साध्या कार्बन पोलादास तर सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढील उष्णताही बाधते. अशा पात्याचा बाक अल्प असेल तर तो सोसावा, पाते पट्टीस घासत असेल तर चाकू निर्मात्याकडे द्यावा.

रिव्हेटने ठोकलेल्या चाकूंत स्क्रूचे उपाय मुळातच नाहीत. स्वच्छता आणि तेल एवढेच घरी करता येते. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये रूढ केलेल्या चाकूची मूठ लाकडी असून पाते लाकडात कापलेल्या खोबणीत मिटते. कोकणात पावसाळ्यात दारे-खिडक्या ज्या कारणाने अडतात त्याच कारणाने ही खोबण दमट हवेत आवळते. तेथे औषध आहे ते सावलीत सावकाश वाळविण्याचे, कानस चालविण्याचे नव्हे.

काही चाकूंत तर पाते मध्यावर नसणे हाच रचनेचा हेतू असतो. अमेरिकेत ‘स्टॉकमन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाकूत तीन पाती दोन स्प्रिंगांवर बसविलेली असतात. एकमेकांवर न घासता ती मिटावीत म्हणून कारागीर त्यांस मुळाजवळ बुद्धिपुरस्सर किंचित बाक देतो. असे पाते ‘सरळ’ करणारा दुरुस्त वस्तू बिघडवितो.

यावरून मध्यबिंदूचे महत्त्व किती मानावे हेही ठरते. टोक मध्यावर असणे हे जुळणीच्या निर्दोषतेचे चिन्ह आहे. चाकूचे कार्य मात्र त्यावर अवलंबून नाही. पाते पट्टीस स्पर्श न करता मिटावे, उघडल्यावर बाजूस हलू नये आणि कुलूपपट्टी मुळाशी पूर्ण टेकावी, या तीन अटी कार्याच्या होत. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर, आणि विशेषतः आसाचा स्क्रू सैल केल्यानंतर, धार बोटांपासून दूर ठेवून उघड्या पात्याची पाठ लाकडावर हलकेच दाबून कुलूप टिकते की नाही हे पाहणे अगत्याचे आहे. टोक तंतोतंत मध्यावर आणण्याच्या नादात आस सैल राहिला, तर मिटलेला चाकू देखणा दिसेल, परंतु उघडलेला चाकू हातात धरण्याजोगा राहणार नाही. अशा प्रसंगी ०.२ मिलीमीटरचा ढळ तसाच राहू देणे हीच योग्य दुरुस्ती ठरते.