घरी आलेल्या बालपाहुण्यांची सुरक्षितता

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात खाटा, शस्त्रक्रिया, तपासण्या व देणग्या यांचा हिशेब असतो. ज्या मुलांवर रुग्णालयात येण्याची वेळच आली नाही, त्यांची नोंद मात्र कोणत्याच तक्त्यात होत नाही. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार अपघाती इजांमुळे जगात दररोज दोन हजारांहून अधिक मुले मृत्युमुखी पडत होती, आणि यांतील बहुसंख्य अपघात टाळता येण्याजोगे होते. म्हणून या वर्षी आम्ही एका घरगुती विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

पाहुण्या मुलाला धोका अधिक का?

मे महिन्याची सुट्टी, दिवाळी, अंबाबाईचे नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा आणि गावची जत्रा या दिवसांत कोल्हापुरातील घरे पै-पाहुण्यांनी भरून जातात. घरच्या मुलाला न्हाणीतील बंब तापलेला असतो, परड्यातील विहिरीकडे जायचे नसते आणि जिन्याची तिसरी पायरी निसटती आहे, हे सवयीने ठाऊक असते. पाहुण्या मुलाला यांतील काहीही ठाऊक नसते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. घरात दहा मोठी माणसे असली की प्रत्येकाला वाटते, दुसरे कोणीतरी पाहत असेल. सर्वांचे लक्ष आहे असे गृहीत धरले जाते, तेव्हा बहुधा कोणाचेच लक्ष नसते.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. मुले खेळत असताना एका मोठ्या माणसाचे नाव घेऊन त्याच्यावर ती जबाबदारी सोपवावी. अर्ध्या तासाने पाळी बदलावी आणि ‘आता तुम्ही पाहा’ असे स्पष्ट सांगूनच उठावे. ही जबाबदारी दहा-बारा वर्षांच्या ताई-दादावर टाकू नये.

घर मुलाच्या उंचीवरून पाहावे

पाहुणे येण्यापूर्वी एकदा घरातून फिरावे.

*पाणी :* बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली गेल्यावर आवाज फुटतच नाही. लहान मुलाला बादलीतील वितीपेक्षा कमी पाणीही पुरते. बादल्या व टिपाडे उपडी ठेवावीत, हौदाला झाकण व विहिरीला जाळी असावी.

*गरम पदार्थ :* जेवणावळीच्या दिवशी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची पातेली पंगतीजवळ जमिनीवर ठेवली जातात आणि मुले तेथूनच धावतात. पातेली ओट्यावर ठेवावीत. पाहुण्या मुलांना गुऱ्हाळ दाखवायला नेताना त्यांचा हात हातात असावा. काहिलीतील उकळता रस अंगाला चिकटतो व खोलवर भाजतो.

*विषारी द्रव्ये :* रॉकेल, ॲसिड किंवा कीटकनाशक शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. पॅराक्वाटसारख्या तणनाशकाचा एक घोटही प्राणघातक ठरू शकतो. आजीआजोबांच्या पिशवीतील गोळ्याही कपाटात कुलूपबंद असाव्यात. मधुमेहाच्या काही औषधांची एकच गोळी लहान मुलाची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते.

*खाऊ :* पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे व फुटाणे देऊ नयेत. पळताना वा हसताना दाणा श्वासनलिकेत जातो. सुरुवातीचा ठसका थांबला की धोका टळला असे वाटते. परंतु आत अडकलेला दाणा काही दिवसांनी खोकला, घरघर व न्यूमोनियाच्या रूपाने प्रकट होतो.

*परडे व गच्ची :* कडबाकुट्टी यंत्राचा वीजपुरवठा बंद ठेवावा. गच्चीच्या कठड्यालगत खुर्ची अथवा खोके ठेवू नये.

अपघात घडल्यास

१. भाजल्यास वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, शाई वा टूथपेस्ट लावू नये, बर्फ चोळू नये.

२. विषारी पदार्थ पोटात गेल्यास उलटी करवू नये. मिठाचे पाणी पाजू नये. बाटली वा गोळ्यांचे पाकीट सोबत आणावे.

३. बटणासारखी सपाट बॅटरी गिळल्यास मूल बरे दिसत असले तरी थांबू नये. ती अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर इजा होते.

४. घशात काही अडकून श्वास कोंडल्यास तोंडात अंदाजाने बोट घालू नये. मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच थापा माराव्यात. तेवढ्याने न निघाल्यास, मूल एक वर्षाहून मोठे असेल तर पोटावर बेंबीच्या वर, एक वर्षाखालील असेल तर छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाब द्यावा. पदार्थ निघेपर्यंत हे आळीपाळीने करावे.

५. सर्पदंश झाल्यास जखम कापू वा चोखू नये, घट्ट बांधू नये. मुलाला न चालवता रुग्णालयात न्यावे.

रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावा.

एक कळकळीची विनंती

दुसऱ्याचे मूल आपल्या घरी जखमी झाले की यजमानांना संकोच वाटतो. पाहुण्यांसमोर काय सांगावे, या विचारात वेळ जातो. कधी काय गिळले वा केव्हा पडले हेही पुरते सांगितले जात नाही. डॉक्टरांचे प्रश्न दोष शोधण्यासाठी नसतात. त्या उत्तरांवरच उपचार ठरतो. त्याचप्रमाणे पाहुण्या माता-पित्यांनीही मुलाला फिट्स, दमा किंवा एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असल्यास यजमानांना आधीच सांगावे. यात कोणताही कमीपणा नाही.

आमच्या देणगीदारांनी व विश्वस्तांनी हा लेख आपल्या घरी, मंडळात व शाळेत वाचून दाखवावा, अशी नम्र प्रार्थना आहे. आलेले प्रत्येक मूल हसतखेळत आपल्या घरी परतावे, हीच सदिच्छा.