वरच्या मजल्यावरचा आवाज आणि आपली झोप

रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. घरातल्या कर्त्या माणसाला पहाटेच्या पाळीला जायचं असतं, म्हणून तो लवकर आडवा झालेला असतो. मुलगी बारावीचं पुस्तक घेऊन दिव्याखाली बसलेली असते. तेवढ्यात वरच्या मजल्यावर पलंग ओढल्याचा आवाज येतो. मग कुणीतरी धावतं. मग टीव्हीवरची मालिका, आणि ती संपली की मोबाइलवरची गाणी. मुलगी कानांवर हात ठेवते. आई झाडूच्या दांड्याने छत ठोकते. उत्तर म्हणून वरून आणखी जोरात पाय आपटला जातो. दुसऱ्या दिवशी जिन्यात दोन्ही घरची माणसं एकमेकांकडे न बघता निघून जातात.

हे चित्र आता मुंबई-पुण्याचंच राहिलेलं नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, बदलीवर माणसं आली, इमारती उभ्या राहिल्या. रेल्वेत, राइस मिलमध्ये, शाळेत, दवाखान्यात राबणाऱ्या आपल्या कितीतरी कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन फ्लॅटचे हप्ते भरले. गावाकडच्या मातीच्या घराची भिंत हातभर जाड, आणि दोन घरांच्या मध्ये अंगण. फ्लॅटची भिंत मात्र चार इंची, तीही दोघांत मिळून एक. एकाची जमीन तेच दुसऱ्याचं छत. घर बदललं, पण वागण्याची सवय अंगणातल्या घराचीच राहिली. निम्म्या भांडणांचं मूळ इथेच आहे.

शांतता ही श्रीमंतांची चैन आहे, असं कुणी समजू नये. बाबासाहेबांचं शिक्षण आठवून पाहा. सुभेदार रामजी बिऱ्हाड घेऊन मुंबईत परळच्या डबक चाळीत आले, तेव्हा सारा संसार एका खोलीत होता. भांडीकुंडी, चुलीचा धूर, माणसांची वर्दळ, बाहेर चाळीचा गलका. तिथे अभ्यास होणार कसा? बापलेकांनी त्यावर तोड काढली. भीमराव लवकर झोपत. रामजी जागत बसत आणि रात्री दोन वाजता मुलाला उठवून मग स्वतः अंग टाकत. चाळ झोपलेली असताना रॉकेलच्या दिव्यावर अभ्यास चाले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे परळच्याच बीआयटी चाळीत ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्या मिळाल्या, तेव्हा एक खोली संसाराला आणि एक अभ्यासाला अशी वाटणी झाली. रामजींनी स्वतःची झोप मोडून मुलाला शांतता मिळवून दिली. आज ती मिळवायला कायद्याचा आधार आहे. ती मागायची कशी, एवढंच शिकून घ्यायला हवं.

आवाज येतो कुठून?

आवाज दोन वाटांनी येतो. एक हवेतून, म्हणजे बोलणं, टीव्ही, गाणी. हा दार-खिडकीच्या फटीतून शिरतो. दुसरा सिमेंटमधून, म्हणजे पलंग ओढणं, खलबत्ता कुटणं, मिक्सर, पाण्याची मोटर. हा भिंतीत आणि स्लॅबमध्ये शिरून दोन मजले खालीही ऐकू येतो. गंमत अशी की करणाऱ्याला तो फारसा जाणवतच नाही. म्हणून वरच्या बाई ‘आम्ही तर काहीच करत नाही’ म्हणतात, तेव्हा त्या खोटं बोलतात असं नाही. त्यांना खरोखरच ठाऊक नसतं.

यावरचे उपाय स्वस्तात होतात. पलंग, टेबल, खुर्ची यांच्या पायांना रबरी टोप्या बसवाव्यात. मिक्सर आणि खलबत्ता यांच्याखाली जाड रबराचा तुकडा किंवा चार घड्यांचं पोतं ठेवावं. मुलं खेळतात तिथे सतरंजी अंथरावी. टीव्ही सामाईक भिंतीला टेकवू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलर हा मोठा वाद असतो. उकाड्याने खिडक्या उघड्या आणि शेजारचा कूलर रात्रभर घरघरतो. कूलर खिडकीच्या ग्रिलला टांगण्याऐवजी स्वतःच्या स्टँडवर ठेवला, स्टँडच्या पायांखाली रबर घातलं आणि हंगामाच्या सुरुवातीला बेअरिंगला ग्रीस दिलं, तर बरीचशी घरघर थांबते.

पहिली पायरी बोलण्याची

छत ठोकणं, जिन्यात टोमणे मारणं, आपल्या टीव्हीचा आवाज वाढवून सूड उगवणं, यांतल्या एकानेही आवाज कमी होत नाही. आवाज सुरू असताना रागाच्या भरात वर जाऊ नका. दुसऱ्या दिवशी, शक्यतो सुट्टीच्या सकाळी जा. बाई असतील तर बाईने बाईशी बोलावं. आरोप करू नका, आपली अडचण सांगा. ‘तुम्ही फार धिंगाणा घालता’ असं म्हटलं की दार बंद झालंच समजा. त्याऐवजी म्हणा, ‘वहिनी, यांना पहाटे चारला ड्यूटीवर जावं लागते न, आणि पोरगी बारावीला आहे. दहानंतर टीव्ही थोडा कमी ठेवता का? आमच्याकडचा काही त्रास होत असेल तर तुम्हीही सांगा.’ मागणी नेमकी असावी. ‘आवाज करू नका’ हे कुणालाच जमत नाही, ‘दहानंतर पलंग ओढू नका’ हे जमतं. शक्य असेल तर त्यांना एकदा खाली आपल्या घरी बसवा आणि वर कुणाला चालायला सांगा. स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर माणूस लवकर समजतो.

मज्झिम निकायात चातुम सुत्त आहे. चातुमा इथे सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्यासोबत पाचशे भिक्खू आले. जुन्या भिक्खूंशी क्षेमकुशल, राहण्याच्या जागा ठरवणं, पात्र-चीवर ठेवणं, यांत एवढा गलका झाला की कोळी मासे ओढताना करतात तसा तो वाटला. भगवंतांनी त्यांना निघून जायला सांगितलं. नंतर तिथल्या शाक्यांनी मध्यस्थी केली आणि भिक्खूंना परत बोलावलं गेलं. त्या भिक्खूंच्या मनात काही वाईट नव्हतं, ते फक्त नव्या जागी सामान लावत होते. तरी त्यांना समज मिळालीच. आणि ती मिळाल्यावर दार कायमचं बंदही झालं नाही. शेजाऱ्याशी वागताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. लहान मूल, आजारी म्हातारा, रात्रपाळीहून अकराला येऊन जेवणारा माणूस, यांचा थोडा आवाज आपणही सोसला पाहिजे.

आपला आवाज कुणाच्या कानात?

दुसऱ्याला सांगण्यापूर्वी आपलं घर तपासावं. आपण झाडीपट्टीची माणसं. दिवाळीनंतर मंडई भरली की रात्र-रात्र नाटक बघणारी. आवाजाशी आपलं वैर नाही. पण मंडईत माणूस आपणहून जातो. घरात घुसणारा आवाज मात्र त्याने बोलावलेला नसतो. वाढदिवस, हळद, गृहप्रवेश, १४ एप्रिलची मिरवणूक, डीजेसमोर थरथरणाऱ्या खिडक्या, हे सगळं याच हिशेबात येतं. ज्या महामानवाला अभ्यासासाठी रात्री दोनला उठावं लागलं, त्यांच्या जयंतीच्या आवाजाने कुणा विद्यार्थ्याचं पुस्तक मिटावं लागू नये. आपल्या घरी कार्यक्रम असेल तर दोन दिवस आधी वर-खाली जाऊन सांगावं, संपण्याची वेळ सांगावी आणि ती पाळावी. आधी सांगितलेला आवाज माणसं आनंदाने सोसतात.

सांगून ऐकलं नाही तर

दोनदा बोलूनही फरक पडला नाही, तर वहीत नोंद ठेवायला लागा. तारीख, वेळ, कशाचा आवाज, किती वेळ. दोन-तीन आठवड्यांची अशी वही असली की तक्रारीला वजन येतं. त्रास होणारी इतर घरं असतील तर त्यांना सोबत घ्या. नोंदणीकृत हाउसिंग सोसायटी असेल तर सचिवाला लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. इतर सभासदांना उपद्रव होईल असं काही कुणी आपल्या फ्लॅटमध्ये करू नये, हे आदर्श उपविधीत लिहिलेलं आहे, आणि त्यावर कारवाई करणं हे कमिटीचं काम आहे. सोसायटी नसेल तर सर्वांनी बसून रात्री दहा ते सकाळी सहा शांततेचा नियम कागदावर लिहावा, सह्या कराव्यात आणि जिन्यात लावावा.

त्यापुढची वाट कायद्याची. ध्वनिप्रदूषणाचे नियम केंद्र सरकारने २००० साली केले. त्यांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. साधं बोलणंच साधारण ६० डेसिबलचं असतं, यावरून अंदाज यावा. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो. तिथे मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० आहे. रात्री उघड्यावर लाउडस्पीकर किंवा वाद्य वाजवता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं. राहत्या वस्तीत रात्री बांधकामाची आवाज करणारी यंत्रं आणि फटाके यांनाही बंदी आहे. खासगी घरातल्या साउंड सिस्टिमचा आवाज घराच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये.

‘माझं घर, माझा डेक, तुम्ही कोण विचारणारे?’ असं म्हणणाऱ्याला १८ जुलै २००५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात उत्तर आहे. शांतपणे जगणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि स्वतःच्या घरातही शेजाऱ्याला त्रास होईल एवढा आवाज करण्याचा हक्क कुणाला नाही, असं न्यायालयाने सांगितलं. त्या खटल्यामागची हकिकत हृदय पिळवटणारी आहे. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला आणि शेजारी लाउडस्पीकरवर गाणी वाजत असल्याने तिच्या किंकाळ्या कुणाला ऐकू आल्या नाहीत. तिने स्वतःला जाळून घेतलं. जानेवारी १९९८ मध्ये वृत्तपत्रांत आलेली ही बातमी वाचून एका अभियंत्याने न्यायालयात धाव घेतली होती.

रात्री आवाज असह्य झाला तर ११२ वर फोन करा. नाव उघड होईल, उद्या तोंड दाखवायचं कसं, या भीतीने माणसं गप्प बसतात. मुंबईत कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातल्या रहिवासी संघटना प्रार्थनास्थळांवरच्या भोंग्यांविरुद्ध उच्च न्यायालयात गेल्या होत्या. लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, आणि पोलिसांनी तक्रारदाराची ओळख उघड न करता कारवाई करावी, असं २३ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने सांगितलं. हे आपल्या विहारावरच्या भोंग्यालाही तेवढंच लागू आहे, हे विसरू नये.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत मदत मिळते. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. खेड्यात राहणाऱ्यांना गावच्या तंटामुक्ती समितीपुढेही जाता येतं. २००७ साली सुरू झालेली ही मोहीम अशाच तंट्यांसाठी आहे.

भांडणात जात आली तर

इमारतीत आपलं एकच घर असेल तर बोलायला जीव कचरतो. ‘उगीच आपल्या लोकांचं नाव नको’ म्हणून कितीतरी माताभगिनी मुकाट्याने सोसतात. आवाज कमी करा म्हणणं हा उद्धटपणा नव्हे, तो प्रत्येक रहिवाशाचा हक्क आहे. आणि वादात कुणी जिन्यात, अंगणात, लोकांसमोर जातीवरून शिवी दिली, तर तो आवाजाचा वाद उरत नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे. १९९० सालच्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही हे संरक्षण मिळालं. मात्र तो शब्द लोकांच्या देखत उच्चारला गेला पाहिजे. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेलं बोलणं यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. म्हणून साक्षीदार कोण होते ते लगेच लिहून ठेवा. पण नुसत्या आवाजाच्या भांडणाला हे हत्यार कधी लावू नका. खोट्या तक्रारीने खऱ्या पीडिताची वाट अडते.

हा आवाज दाबायचा नसतो

एक आवाज असा आहे की तो आला तर कान झाकू नयेत. शेजारी बाईला मारहाण होते आहे, पोर किंचाळतं आहे, आणि आपण ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून टीव्ही मोठा करतो. २००८ साली ‘बेल बजाओ’ नावाची मोहीम निघाली होती. तिचं सांगणं एवढंच होतं की असा आवाज आला तर जाऊन दाराची घंटी वाजवा. निमित्त काहीही सांगा, वाटीभर साखर मागा. मारणारा हात तेवढ्यापुरता तरी थांबतो. एकटं जाऊ नका, दोघे-तिघे जा. घाबरण्यासारखं असेल तर ११२, बाईसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. ते दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

पातळ भिंतींमुळे आवाज येतो, तशी मदतीची हाकही त्याच भिंतींतून येते. रात्री दहानंतर आपल्या घरातला आवाज उंबऱ्याच्या आत राहील एवढं प्रत्येकाने पाहिलं, तर खालच्या मजल्यावरची ती बारावीची मुलगी दोन तास निवांत वाचू शकेल. तिला त्यासाठी रात्री दोनची वाट पाहायला लागू नये.