गाडी घ्यावी की पास काढावा? आधी वही उघडा



पेरणीआधी बियाणे, खत आणि मजुरी यांचा हिशेब मांडा, असे मी इतकी वर्षे तुम्हाला सांगत आलो. आज शेताबाहेरचा एक हिशेब मांडू. घरातले कोणी रोज तालुक्याला कामावर जात असेल, तर मोटारसायकल परवडते की एस.टी.?

हा विषय निघाला तो एका ओसरीवर. तूर फुलोऱ्यात असताना शेंगा पोखरणारी अळी पाहायला मी एका गावी गेलो होतो. शिवारातून आल्यावर चहा घेताना घरधनी म्हणाला, "साहेब, पोराला तालुक्याला दुकानात काम लागलंय. महिना बारा हजार. म्हैस विकून गाडी घ्यावी म्हणतो."

म्हैस दुसऱ्या वेताची, दोन्ही वेळचे मिळून आठ लिटर दूध देणारी. दर दहा दिवसांनी डेअरीचे बिल येते आणि त्यावर घरचा किराणा चालतो. घरधनीण दारात उभी होती, पण काही बोलली नाही. मी म्हटले, "दादा, म्हशीचं दावं सोडण्याआधी एक वही आणा."

गाव तालुक्यापासून 24 किलोमीटर. जाऊन-येऊन 48. महिन्याला कामाचे 25 दिवस धरले तर 1,200 किलोमीटर झाले. पोरगा म्हणाला, "गाडी लिटरला 55 चालते. महिन्याला 22 लिटर पुरे." लिटरला 105 रुपये धरले तर 2,310 रुपये झाले. बाप म्हणाला, "म्हणजे जमतंय की!"

बहुतेकांचा हिशेब इथेच, पेट्रोलपाशी थांबतो. पण बैलजोडीचा खर्च काढताना आपण फक्त औत चालते त्या दिवसाची वैरण धरतो का? जोडी दावणीला उभी असली तरी खाते आणि दरवर्षी तिची किंमत उतरते. गाडीचेही तसेच आहे. म्हणून आम्ही पुढची बेरीज लिहिली :

पेट्रोल : 2,310 रुपये
ऑइल, सर्व्हिसिंग, चेन, ब्रेक : 360 रुपये
टायरची झीज : 170 रुपये
विमा : 150 रुपये
गाडीची घट : 900 रुपये
एकूण महिन्याला : 3,890 रुपये

घट म्हणजे काय, ते सांगतो. गाडी 90,000 रुपयांना घेतली आणि सहा वर्षांनी 25,000 ला विकली, तर 65,000 रुपये वाटेत झिजले. त्याला 72 महिन्यांनी भागा, म्हणजे महिन्याला सुमारे 900 होतात. हे पैसे खिशातून रोज जाताना दिसत नाहीत, पण जातात. कर्ज काढून गाडी घेतली तर व्याज निराळे. थोडक्यात, किलोमीटरला सव्वातीन रुपये पडले आणि बारा हजारांतला जवळजवळ तिसरा हिस्सा रस्त्यावर गेला.

आता एस.टी.चे पाहू. 25 जानेवारी 2025 पासून साध्या गाडीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याला 10 रुपये 5 पैसे झाले. 24 किलोमीटरचे चार टप्पे, म्हणजे जायचे सुमारे 40 आणि दिवसाचे 80 रुपये. रोज तिकीट काढले तर 25 दिवसांचे 2,000. मासिक पासाला 20 दिवसांचे भाडे भरून 30 दिवस प्रवास करता येतो, म्हणजे 1,600. तीन महिन्यांच्या पासाला 50 दिवसांचे भाडे भरून 90 दिवस मिळतात. त्याचे 4,000, म्हणजे महिन्याला 1,333 रुपये. गाडीपेक्षा महिन्याला अडीच हजार वाचले, वर्षाचे तीस हजार झाले, आणि म्हैस गोठ्यातच राहिली.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जो फक्त बाजारच्या दिवशी तालुक्याला जातो, त्याने पास काढू नये. वीस दिवसांपेक्षा जास्त जाणे असेल तरच मासिक पास अंगी लागतो. दुसरे म्हणजे 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धे तिकीट आहे. रोज कामाला जाणाऱ्या सुनेचे 25 दिवसांचे 1,000 रुपयेच होतात, म्हणजे तीन महिन्यांच्या पासापेक्षाही कमी. 65 वर्षांपुढच्यांना अर्धे तिकीट आहे आणि 75 पुरी झालेल्यांना तिकीटच नाही.

मग मोटारसायकल वाईट का? मुळीच नाही. पहाटे डेअरीला दुधाचे कॅन पोचवायला, रात्रीच्या विजेला मोटार सुरू करायला किंवा अडीअडचणीला दवाखाना गाठायला तिच्यासारखी सोय नाही. घरात गाडी आधीच असेल तर घट आणि विमा वगळून हिशेब करा, कारण तो खर्च ती उभी असली तरी होणारच. तरी एकट्याला महिन्याला 2,840 पडतातच. नवरा-बायको दोघेही एकाच गाडीवर कामाला जात असतील, तर फरक बराच कमी होतो.

आणि एस.टी.ची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गाडी चुकली तर दिवसाची हजेरी बुडते. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल 2022 पर्यंत चालला. तेव्हा ज्यांच्या दारात वाहन नव्हते, त्यांचे किती हाल झाले ते आपण पाहिले. म्हणून पास काढण्याआधी कामाची वेळ आणि गाडीची वेळ जुळते का, हे बघा. या पोराचे दुकान साडेसातला बंद होते आणि गावची मुक्कामी गाडी पावणेआठला सुटते. तेवढ्यावर जमले. शेवटची गाडी सातची असती, तर माझा सल्ला वेगळा झाला असता.

वेळ जुळत नसेल तर नुसते कुरकुरत बसू नका. ग्रामसभेत ठराव करा आणि कितीजण रोज जाणार त्यांच्या सह्यांनिशी आगार व्यवस्थापकांकडे द्या. एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, अशी धावली. तेव्हापासून गावोगावी फेऱ्या पोचल्या, पण फेरी रिकामी धावू लागली की ती बंद व्हायला वेळ लागत नाही. आपण बसलो तर गाडी टिकते.

सगळी बेरीज झाल्यावर दारातली वहिनी पहिल्यांदाच बोलली. "साहेब, पैशाचं मांडलंत. पण रात्री उसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या उभ्या असतात. पोरगं अंधारातून यायचं. ते वहीत कुठं लिहायचं?" माझ्याकडे त्याला आकडा नव्हता. ज्यांना गाडीवरून जाणे भागच आहे, त्यांना एवढेच सांगतो : हेल्मेट हँडलला नाही, डोक्याला लावा आणि ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक लावल्याशिवाय ट्रॉली रस्त्यावर आणू नका. ट्रॉलीही आपलीच असते आणि पोरगाही.

त्या घरी तूर्त तीन महिन्यांचा पास काढायचे ठरले. पास संपला की पुन्हा वही उघडायची आणि वाचलेल्या पैशातून गाडी घेता येईल का, ते पाहायचे. म्हैस गोठ्यात आहे.

माझे आकडे तुम्हाला तंतोतंत लागू पडणार नाहीत. अंतर, पेट्रोलचा भाव आणि कामाचे दिवस तुमचे घाला. पण बेरीज पेट्रोलपाशी थांबवू नका, आणि दुभते जनावर विकण्याआधी ही वही एकदा घरातल्या सगळ्यांसमोर वाचा.