परिश्रम, सातत्य आणि संधी

थोरपण जन्माने लाभत नाही, ते परिश्रमाने घडते. हे विधान डॉ. राजेंद्र भारुड यांच्या जीवनाआधारे तपासता येते. साक्री तालुक्यातील सामोडे येथील भिल्ल कुटुंबात, वडिलांच्या निधनानंतर त्यांचा जन्म झाला. मोहाची दारू विकून आईने त्यांना वाढविले. अक्कलकुव्याचे नवोदय विद्यालय, मुंबईतील वैद्यकीय पदवी आणि पुढे भारतीय प्रशासकीय सेवा असा त्यांचा प्रवास झाला. नंदुरबारचे जिल्हाधिकारी असताना २०२० मध्येच त्यांनी प्राणवायू प्रकल्प हाती घेतले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ती पूर्वतयारी रुग्णांच्या कामी आली. सारांश, सातत्याला आईच्या कष्टांची व निवासी शिक्षणाची जोड मिळाली आणि त्याचे सार्थक लोकोपयोगात झाले. कोरीटसारख्या गावातील विद्यार्थ्यांनाही जिद्दीबरोबर अशी संधी मिळावयास हवी.