दिवाडीचा बिशप

दिवाडी बेटावरून जुन्या गोव्याच्या चर्चचे मनोरे नदीपलीकडे समोरच दिसतात. होडीनं मांडवी ओलांडली की आर्चबिशपचं दार. सोळाव्या शतकाच्या अखेरीस या बेटावर जन्मलेल्या मातेउश द कास्त्रोंना मात्र त्या दारात मान मिळवायला थेट रोम गाठावं लागलं, आणि तरीही तो मिळाला नाहीच.

घराणं बाटलेल्या ब्राह्मणांचं. मुलगा फ्रान्सिस्कनांकडे शिकून तयार झाला, पण त्याला पाद्री करायला आर्चबिशपनं नकार दिला. आड येत होता तो वर्ण. पोर्तुगालात जन्मलेला सगळ्यांत वर, इथे जन्मलेला गोरा त्याखाली, मग मिश्र रक्ताचा, आणि तळाशी इथला माणूस, मग त्याचे आजे-पणजेही ख्रिस्ती का असेनात. जेझुइटांनी १५७५ मध्ये पेरो लुईस या ब्राह्मणाला आत घेतलं आणि पुढे जवळजवळ दोनशे वर्षं भारतीयांना दार लावून टाकलं.

मातेउश रोमला पोहोचले ती वेळ बरी होती. धर्मप्रसारावर पोर्तुगीज राजाची पकड सैल करायची म्हणून पोपनं १६२२ मध्ये त्या कामाचं स्वतःचं खातं उघडलं होतं. त्याला असे देशी पाद्री हवेच होते. (न्यायबुद्धी होतीच, पण सोयही होती.) मातेउशना दीक्षा मिळाली. ते कागद घेऊन परतले, तर गोव्यात कागदांवरच संशय घेतला गेला. पुन्हा रोम. १६३७ मध्ये ते चक्क बिशप झाले, लॅटिन पंथातले पहिले भारतीय. गोव्यानं तेही मानलं नाही. मग त्यांनी आदिलशाही मुलखात, डिचोलीला बस्तान बसवलं आणि तिथून दीक्षा देऊ लागले. त्या दीक्षाही गोव्यानं झिडकारल्या. इथिओपियाचे जेझुइट पात्रियार्क तेव्हा गोव्यात राहत. आपल्याच धर्मातल्या या बिशपांना त्यांनी उघड्या ढुंगणाचा काळा म्हटल्याची नोंद आहे.

इथवर आपली सहानुभूती कुठे जाते, हे सांगायला नको. पण १६५३ मध्ये मातेउशनी पोर्तुगीजांविरुद्ध चिथावणी देणारं पत्र लिहिलं, त्याचं नाव ‘ब्राह्मणांचा आरसा’. हाक दिली ती आपल्या जातीला. बाकीच्या गोवेकर ख्रिस्त्यांच्या वाट्याला काय येत होतं, याची फिकीर त्या नावात तरी दिसत नाही.

हे त्यांच्यापुरतंच नव्हतं. शतक सरता सरता जुन्या गोव्यात देशी पाद्र्यांचा स्वतःचा संघ उभा राहिला; संत जुझे वाज त्यातलेच. गोऱ्यांनी दारं लावली म्हणून काढलेल्या या संघात प्रवेश होता तो ब्राह्मणांनाच. चारड्यांनी, म्हणजे बाटलेल्या क्षत्रियांनी, मग चिंबलला आपला वेगळा कार्मेलाइट संघ काढला. त्याहून खालच्या मानलेल्यांनी कुठे जायचं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

१७८७ मध्ये पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंटोंचं बंड झालं, तेव्हाही वरची पदं गोऱ्यांनाच जातात हा राग पाद्र्यांच्या मनात होता. पंधरा जणांना देहदंड झाला, आणि पाद्र्यांना लिस्बनच्या तुरुंगात धाडलं. आर्चबिशपच्या गादीवर पहिले गोवेकर, राऊल गोन्साल्विस, बसायला १९७८ उजाडलं. पोर्तुगीज जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. फेस्ताचा मान कुणाचा, कॉन्फ्रारीत, म्हणजे चर्चच्या बंधुसंघात, कुणाला घ्यायचं, कुणी कोणत्या रंगाचा झगा पांघरायचा, हे जातीवरून होणारे तंटे काही गावांत त्यानंतरही चालूच राहिले.